पांढरा चौकोन : ओग्लाला लकोटा काउंटीचं प्रकरण

अमेरिकेची आकडेवारी काउंटीनिहाय नकाशावर रंगवायला घेतली की हा अनुभव हमखास येतो. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग. प्रत्येकीला पाच आकडी सांकेतिक क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या आधाराने लोकसंख्या, उत्पन्न, आजार, मतदान असं सगळं जोडलेलं. जोडणी पूर्ण करून नकाशा उघडावा तर सगळा देश रंगलेला असतो आणि साऊथ डकोटा राज्याच्या नैर्ऋत्य भागात एकच चौकोन पांढरा राहतो. माझ्या नकाशातही तो तसाच राहिला होता. आधी वाटलं, तिथे वस्तीच नसेल. नंतर कळलं की जुन्या आकडेवारीत त्या काउंटीचा क्रमांक ४६११३ आहे आणि नव्या नकाशात ४६१०२. मधल्या काळात तिचं नाव बदललं, नावाबरोबर क्रमांक बदलला, आणि दोन्हीकडचे क्रमांक जुळेनात.

ती काउंटी म्हणजे ओग्लाला लकोटा. २०२०च्या जनगणनेत तिची लोकसंख्या भरली १३,६७२. क्षेत्रफळ गोव्याच्या साधारण दीडपट आणि माणसं आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाइतकी. त्यांच्यातले दर दहांमागे नऊहून अधिक लोक जनगणनेच्या भाषेत ‘अमेरिकन इंडियन’ आहेत. स्वतःच्या भाषेत ते लकोटा आहेत, त्यातही मुख्यतः ओग्लाला. उरलेल्यांत थोडे गोरे आणि थोडे मिश्र वंशाचे. कृष्णवर्णीय किंवा आशियाई जवळजवळ नाहीतच.

ही सगळी काउंटी पाइन रिज नावाच्या ‘रिझर्व्हेशन’मध्ये येते. हा शब्द ऐकला की आपल्याला नोकरी आणि शिक्षणातलं आरक्षण आठवतं, म्हणून आधीच सांगून टाकतो की इथे अर्थ वेगळा आहे. हा जमिनीचा तुकडा आहे. एकेकाळी फार मोठा प्रदेश ज्यांचा होता, त्यांच्यासाठी शेवटी शिल्लक ठेवलेला.

काउंटीच्या लोकसंख्येची वांशिक रचना सांगायची तर वरचं एक वाक्य पुरतं : नव्वद टक्क्यांहून अधिक लकोटा. बहुतेक ठिकाणी ती तशीच सांगितली जाते आणि वाचणारा समजतो की हे लोक पूर्वापार इथे राहत आले, अजूनही राहताहेत, झालं. माझं म्हणणं असं की हा आकडा आपोआप घडलेला नाही. तो रेघा मारून घडवला गेला. पुढे त्याच आकड्याच्या आधारे लोकांना मतदानापासून दूर ठेवलं गेलं, आणि तो मोजतानाही माणसं निसटली.

रेघ

१८६८च्या फोर्ट लॅरमी तहात आजच्या साऊथ डकोटाचा मिझुरी नदीच्या पश्चिमेकडचा जवळजवळ सगळा भाग सू जमातींचा म्हणून मान्य झाला होता. लकोटा हे सू जमातींपैकीच. लकोटांना पवित्र असलेले ब्लॅक हिल्स डोंगरही त्यात होते. १८७४मध्ये कस्टर या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेने तिथे सोनं असल्याची बातमी आणली आणि तीन वर्षांत, १८७७च्या कायद्याने, डोंगर काढून घेतले गेले. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन योग्य मोबदला न देता घेतल्याचं मान्य केलं आणि व्याजासकट दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई ठरली. सू जमातींनी ती रक्कम आजवर स्वीकारलेली नाही. त्यांना पैसा नको, डोंगर हवेत. ती रक्कम खात्यात वाढत वाढत शंभर कोटी डॉलरांच्या पुढे गेली आहे. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण देशातल्या सर्वांत गरीब काउंट्यांमध्ये या काउंटीचं नाव नेहमी असतं, आणि तिथल्या माणसांनी हा नकार दिलेला आहे.

काउंटीची रेघ मात्र १८७५मध्येच ओढली गेली. तह लागू होता, या प्रदेशात गोऱ्यांनी वस्ती करायची नव्हती, तरी डकोटा टेरिटरीच्या, म्हणजे राज्याचा दर्जा मिळण्याआधीच्या इथल्या प्रदेशाच्या, विधिमंडळाने तहाच्या जमिनीवर कागदावर काउंटी आखली आणि तिला टेरिटरीचे सरन्यायाधीश पीटर शॅनन यांचं नाव दिलं. हेच शॅनन १८८२मध्ये सू लोकांकडून आणखी जमीन सोडवून घेण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे सदस्य होते. आयोगाचं काम त्या वेळी फसलं, पण १८८९च्या कायद्याने तेच घडलं : मोठ्या रिझर्व्हेशनचे वेगवेगळे तुकडे झाले आणि मधली जमीन वसाहतीसाठी खुली झाली. पाइन रिज हा त्यातला एक तुकडा.

पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर १८९० रोजी, या काउंटीतल्या वुंडेड नी ओढ्याकाठी अमेरिकी घोडदळाने लकोटांच्या छावणीवर गोळीबार केला. मृतांचे अंदाज दीडशेपासून तीनशेपर्यंत जातात, आणि त्यात बायका-मुलं मोठ्या संख्येने होती. १८९० हे जनगणनेचं वर्ष होतं. मूळ राज्यघटनेत ‘कर न भरणारे इंडियन’ लोकसंख्येच्या हिशेबातून वगळलेले होते. रिझर्व्हेशनवरच्या सगळ्यांची देशभर मोजदाद करायचा प्रयत्न पहिल्यांदा झाला तो याच जनगणनेत. मोजणी आणि कत्तल एकाच वर्षी झाली, हा योगायोग असेल. मला तो कधीच नुसता योगायोग वाटत नाही.

आता प्रश्न असा की आजूबाजूच्या काउंट्यांमध्ये गोऱ्यांची वस्ती वाढली, मग इथे का नाही? शेजारची बेनेट काउंटी पाहिली की उत्तर मिळतं. १८८७च्या कायद्यानुसार सामाईक जमीन मोडून ती कुटुंबागणिक वाटली जाऊ लागली. वाटून उरलेली ‘जास्तीची’ जमीन बाहेरच्यांना खुली करायची, अशी पद्धत होती. पाइन रिजमध्ये वाटप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालं, आणि आजच्या बेनेट काउंटीचा भाग १९१०च्या कायद्याने बाहेरच्यांना खुला झाला. तिथे गोरे शेतकरी आले, आणि आज तिथली लोकसंख्या चांगलीच मिश्र आहे. शॅनन काउंटीत तसा लोंढा आला नाही. म्हणजे दोन शेजारी काउंट्यांच्या वांशिक रचनेतला फरक स्वभावाचा किंवा आवडीनिवडीचा नाही. तो एका कायद्याने पाडलेला आहे.

जमीन नंतरही गेलीच. दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, बॉम्बफेकीच्या सरावासाठी सरकारने पाइन रिजच्या वायव्य भागातली सुमारे ३,४१,००० एकर जमीन ताब्यात घेतली आणि १२५ कुटुंबांना थोड्या दिवसांत बाहेर काढलं. त्यात ड्यूई बिअर्ड होते. कस्टरच्या पराभवाची लिटल बिगहॉर्नची लढाई त्यांनी तरुणपणी पाहिली होती. वुंडेड नीमध्ये गोळ्या खाऊन ते वाचले होते, आणि त्यांच्या घरातले लोक तिथे मारले गेले होते. त्याच माणसाला म्हातारपणी पुन्हा घर सोडावं लागलं. जनगणनेच्या तक्त्यात अशी विस्थापनं दिसत नाहीत, कारण काढलेले लोक बहुतेक जवळपासच गेले. काउंटीची टक्केवारी जशीच्या तशी राहिली.

कारभार दुसऱ्याच्या घरी

अमेरिकेत काउंटी म्हणजे कोर्ट, खजिना, जमिनीच्या नोंदी, निवडणुका : आपल्या तालुका आणि जिल्हा कचेरीची बरीचशी कामं एका ठिकाणी. या काउंटीला मात्र स्वतःचं मुख्यालयच नाही. ती दीर्घकाळ ‘असंघटित’ काउंटी होती, म्हणजे नकाशावर आहे पण तिला स्वतःचं प्रशासन नाही. १९८२मध्ये तिला स्वतःची सनद मिळाली, तरी लेखापाल, खजिनदार, सरकारी वकील, जमीन नोंदणी ही कामं करारावर शेजारच्या फॉल रिव्हर काउंटीकडेच राहिली. ती काउंटी प्रामुख्याने गोऱ्यांची आहे. तिचं मुख्यालय हॉट स्प्रिंग्ज पाइन रिज गावापासून सुमारे शंभर किलोमीटरवर.

याचा मतदानाशी संबंध नीट समजून घ्यायला हवा. असंघटित काउंटीतले लोक ज्या अधिकाऱ्यांच्या कारभाराखाली राहत, त्यांना निवडायचा हक्क मात्र त्यांना नव्हता. कर, खटले, नोंदी सगळं फॉल रिव्हरच्या अधिकाऱ्यांच्या हाती, आणि मत फक्त फॉल रिव्हरच्या रहिवाशांना. १९७५मध्ये संघीय अपील न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. मग राज्याने म्हटलं, मत द्या, पण उभं राहता येणार नाही. १९८०मध्ये तेही न्यायालयाने मोडून काढलं. कुठल्याच कायद्यात ‘लकोटांना मत नाही’ असं लिहिलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. लिहिलं होतं ‘असंघटित काउंटी’. पण असंघटित काउंट्या होत्या त्या रिझर्व्हेशनवरच्याच. वंशाचा शब्द न वापरता वंश वगळता येतो तो असा.

१९७५मध्येच मतदान हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन या काउंटीत आणि शेजारच्या टॉड काउंटीत निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्र सरकारची परवानगी घेणं राज्याला बंधनकारक झालं. राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता विल्यम जँक्लो यांनी ही तरतूद हास्यास्पद ठरवून ती न पाळण्याचा सल्ला दिला, आणि राज्याने तो अक्षरशः पाळला. पंचवीसेक वर्षांत सहाशेहून अधिक कायदे आणि नियम परवानगीशिवाय लागू झाले. २००२मध्ये लकोटा मतदारांनी खटला भरला तेव्हा हे बाहेर आलं.

त्याच वर्षी सिनेटच्या निवडणुकीत टिम जॉन्सन अवघ्या ५२४ मतांनी जिंकले, आणि शेवटी हाती आलेल्या मतांत या काउंटीची मतं होती. ज्या लोकांना कोणी मोजत नव्हतं त्यांनी देशाच्या सिनेटची एक जागा ठरवली. पुढच्याच वर्षी राज्याने मतदानासाठी छायाचित्र असलेल्या ओळखपत्राचा कायदा केला.

आणि आता तो नव्वद टक्क्यांचा आकडा उलटा कसा वापरता येतो ते पाहा. २००१च्या फेररचनेत राज्याने विधिमंडळाचा २७ क्रमांकाचा मतदारसंघ असा आखला की त्यात जवळजवळ ९० टक्के लोक मूळनिवासी झाले. ऐकायला चांगलं वाटतं : त्यांचा माणूस नक्की निवडून येणार. पण निवडून यायला नव्वद टक्के लागत नाहीत. वाजवीपेक्षा जास्त मतदार एका मतदारसंघात कोंबले की शेजारच्या मतदारसंघात त्यांची ताकद उरत नाही. २००४मध्ये संघीय न्यायालयाने ही आखणी मतदान हक्क कायद्याचं उल्लंघन ठरवली आणि अपिलातही तो निकाल टिकला. एकाच जागी घट्ट बांधलेला समाज दिसायला बलवान दिसतो, पण बांधणारा हात कुणाचा आहे ते पाहावं लागतं.

मुदतपूर्व मतदानाचीही तीच गत. राज्यात इतरांना आपापल्या काउंटीच्या कचेरीत जाऊन आठवडेच्या आठवडे आधी मत देता यायचं. इथल्यांची कचेरी हॉट स्प्रिंग्जला. गाडी नसलेल्या माणसाला मत द्यायला जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. २०१२मध्ये त्यावरही खटला भरावा लागला, तेव्हा काउंटीच्या आतल्या केंद्रासाठी पुढच्या काही वर्षांच्या निधीची हमी मिळाली.

नाव

नोव्हेंबर २०१४मध्ये शॅनन काउंटीच्या मतदारांपुढे प्रश्न ठेवला गेला : नाव बदलायचं का? दोन तृतीयांश मतं हवी होती. २,१६१ लोकांनी होकार दिला, ५२६ जणांनी नकार. म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक. राज्याची मंजुरी मिळाली आणि १ मे २०१५पासून काउंटी ओग्लाला लकोटा झाली. जमीन काढून घ्यायला आलेल्या माणसाचं नाव १४० वर्षांनी गेलं.

या मतदानाचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. हे नामांतर कुठल्या मोर्च्याने किंवा मंत्र्याच्या घोषणेने झालं नाही. ज्या पेटीपासून या लोकांना एक शतकभर दूर ठेवलं होतं त्याच पेटीतून ते झालं. आपल्याकडे नामांतरावरून किती वर्षं आणि किती रक्त गेलं हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

नवं नाव आल्यावर सांकेतिक क्रमांकही बदलला, कारण ते क्रमांक वर्णानुक्रमाने लावलेले असतात. मग माझ्यासारख्यांचे नकाशे मोकळे राहू लागले. चूक छोटी आणि तांत्रिक आहे, एक ओळ दुरुस्त केली की जाते. तरी अनेक प्रसिद्ध नकाशांत आणि अभ्यासांत ती राहून गेली. देशातली सर्वाधिक मूळनिवासी टक्केवारी असलेल्या काउंट्यांपैकी एक गाळली गेली तरी राष्ट्रीय सरासरी हलत नाही. म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

लकोटा कोण, आणि घरात किती

टक्केवारी काढायला दोन गोष्टी लागतात : माणसं मोजणं आणि प्रत्येकाला एका रकान्यात टाकणं. दोन्ही इथे अवघड आहेत.

रकान्याचं आधी. अमेरिकी जनगणनेत वंश आता प्रत्येकजण स्वतः सांगतो, आणि २०००पासून एकाहून अधिक वंश निवडता येतात. केंद्र सरकारचा एक वेगळा दाखला असतो, त्यावर ‘इंडियन रक्ताचं प्रमाण’ अपूर्णांकात लिहिलेलं असतं : अर्धा, पाव, एक अष्टमांश. जमातीचं सदस्यत्व ही तिसरी गोष्ट, ते जमात आपल्या नियमांनी ठरवते. एकच माणूस एका ठिकाणी लकोटा आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं होऊ शकतं. जात पडताळणी समितीपुढे आजोबांच्या शाळेचा दाखला घेऊन उभं राहिलेल्यांना ही धडपड ओळखीची वाटेल. पण आपल्याकडे निदान पूर्वजांची नोंद तपासतात, रक्ताचा अपूर्णांक काढत नाहीत.

या फरकाचा परिणाम २०२०मध्ये डोळ्यांत भरला. देशभरात स्वतःला पूर्णतः किंवा अंशतः अमेरिकन इंडियन किंवा अलास्काचे मूळनिवासी म्हणवणाऱ्यांची संख्या २०१०च्या ५२ लाखांवरून ९७ लाखांवर गेली, ८६ टक्क्यांहून अधिक वाढ. एवढी मुलं जन्माला आली नव्हती. प्रश्न विचारण्याची आणि उत्तरं नोंदवण्याची पद्धत बदलली होती, आणि दूरचा मूळनिवासी पूर्वज नोंदवणारे लोक वाढले होते. त्याच दशकात ओग्लाला लकोटा काउंटी १३,५८६वरून १३,६७२वर गेली. देशात ४५ लाखांची भर, आणि इथे ८६ माणसांची. जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या लकोटा म्हणूनच जगताहेत तिथे रकान्यात भर पडायला जागाच नव्हती.

आता माणसं मोजणं. आपल्या जनगणनेत कुटुंब ठरतं ते चुलीवरून : एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. ही फार शहाणी व्याख्या आहे असं मला इथलं वाचल्यावर वाटलं. अमेरिकेत विचारतात, १ एप्रिलला या घरात कोण राहत होतं? लकोटांच्या जगण्याचा पाया मात्र ‘तियोश्पाये’ आहे, म्हणजे भावकी आणि सोयरे मिळून एकमेकांना धरून राहणारा गोतावळा. घरं कमी, माणसं जास्त. भाचा या महिन्यात मावशीकडे, पुढच्या महिन्यात आजीकडे. आजी फॉर्म भरताना त्याला धरते की नाही? सरकारी घरात ठरल्यापेक्षा जास्त माणसं राहत असतील तर भाडेकरू ती सांगेल का? त्यात घरांना रस्त्याचा नीट पत्ता नाही, टपाल पोस्टाच्या पेटीत येतं, म्हणून जनगणनेचा कर्मचारी घरोघरी जाऊन कागद ठेवून येतो.

२०२०मध्ये हा कर्मचारीच वेळेवर येऊ शकला नाही. मार्चमध्ये महामारीमुळे कागद वाटायचं काम थांबलं. मोठं इस्पितळ दूर असलेल्या या प्रदेशात ओग्लाला सू जमातीने रस्त्यांवर नाके बसवून येणारी-जाणारी वाहनं तपासली, आणि त्यावरून राज्यपालांशी वाद झाला. जमातीचं करणं मला बरोबर वाटतं. जिथे वयस्कर माणसांबरोबर भाषाही जाते तिथे नाका बसवणं ही घरची काळजी आहे. मोजणीसाठी मिळालेला वाढीव वेळही पुढे कापला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबरला सरकारला मोजणी थांबवायची मुभा दिली आणि दोन दिवसांत ती संपली.

नंतर जनगणना विभागाने स्वतःच पडताळणी केली. रिझर्व्हेशनवर राहणारे अमेरिकन इंडियन ५.६४ टक्क्यांनी कमी मोजले गेले होते. २०१०मध्ये हे प्रमाण ४.८८ टक्के होतं. गोरे मात्र दोन्ही वेळा किंचित जास्तच मोजले गेले. ५.६४ हा देशपातळीवरचा दर आहे, तो एका काउंटीला जसाच्या तसा लावता येत नाही, हे कबूल. तरी अंदाजासाठी लावून पाहिला तर सुमारे आठशे माणसं निघतात. घरबांधणीचं अनुदान, शाळा, रस्ते यांचा पैसा याच मोजणीच्या आधाराने वाटला जातो, आणि घरं अपुरी म्हणून माणसं दाटीवाटीने राहतात, दाटीवाटीने राहतात म्हणून मोजणीतून सुटतात.

६६.८

एक आकडा मात्र या काउंटीबद्दल फार नीट माहीत आहे. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिकेतल्या प्रत्येक काउंटीचं २०१४चं आयुर्मान काढलं होतं. सर्वांत वर कोलोरॅडोतली समिट काउंटी, ८६.८ वर्षं. सर्वांत खाली ओग्लाला लकोटा, ६६.८ वर्षं. एकाच देशात वीस वर्षांचं अंतर.

हा आकडा इतका स्पष्ट दिसण्याचं कारण पुन्हा तीच वांशिक रचना आहे. एरवी मूळनिवासींचं आयुर्मान काढताना मृत्यूच्या दाखल्यांवर त्यांचा वंश बरेचदा ‘गोरा’ असा चुकीचा लिहिलेला असतो. दाखला भरणारा चेहरा पाहून ठरवतो. त्यामुळे मृत्यू कमी दिसतात आणि आयुष्य लांबलेलं दिसतं. इथे वंश बघायची गरजच पडत नाही. दहातले नऊ लकोटा असल्याने काउंटीची सरासरी तीच जवळजवळ त्यांची सरासरी. कायद्याने आखलेल्या चौकोनात सगळे एकत्र आहेत म्हणून त्यांचं मरण मोजता येतं.

इथून दीडेकशे किलोमीटरवर रॅपिड सिटी आहे. काम, इस्पितळ, भाड्याचं घर यांसाठी पाइन रिजची माणसं तिथे जातात, आणि त्या शहरात साधारण दर दहांमागे एकजण मूळनिवासी आहे. तिथला लकोटा माणूस पन्नाशीत गेला तर तो त्या शहराच्या पेनिंग्टन काउंटीच्या सरासरीत मिसळून जातो. तिथला चौकोन रंगवलेला असतो, आणि नकाशा पाहणाऱ्याला त्यात काही उणं दिसत नाही.